काय आणलेस?

(मंडळाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी गंगाखेड येथे दिलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या पत्रात विषय असा होता की, "परदेशातील वास्तव्य, प्रवास, इतिहास व वाङ्मय यांविषयी आपले विचार मांडावेत." तीन पोत्यांतले धान्य एका सुपात पाखडावे अशी ही आज्ञा आहे. तेव्हा जेवढे सुपात मावेल तेवढेच पाखडते. बाकीचे पोत्यात राहिले तरी रागावू नये.

मी १९७७ साली येथून इंग्लंडला गेले. त्यानंतर जितक्या वेळा गावी आले तितक्या वेळा, स्टेशनापासून घरापर्यंत, एकच प्रश्न कानी पडला : "काय आणलंस गं?" पोरांना चॉकलेट हवे असे, कुणाला वासाचा साबण, कुणाला थर्मास. एका शेजारीणबाईंना फक्त सुया हव्या होत्या, कारण तिकडच्या सुया गंजत नाहीत असे त्यांना कुणी सांगितले होते. आरंभी या प्रश्नाचा मला कंटाळा येई. वाटे, मी कशी आहे हे कोणी विचारीत नाही, पेटीत काय आहे एवढेच विचारतात. पुढे वाचन वाढले तशी समजूत पटली की हा प्रश्न हावरेपणाचा नव्हे, फार जुना आहे. वारीहून येणाऱ्याला बुक्का मागतात, काशीहून येणाऱ्याला गंगा मागतात. जो उंबरा ओलांडून गेला त्याने मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी आणावे, हा आपल्याकडचा प्रवासाचा कायदाच आहे.

आपल्या भाषेतले प्रवासाचे एक मोठे पुस्तक याच कायद्याने चालले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाला कंटाळून दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. लूट, आग, उपासमार सगळे भोगले, मिळवलेला पैसा गेला. तरी परत येताना त्यांनी काशीहून गंगेची कावड खांद्यावर आणली आणि त्या पाण्याने आईबापांना स्नान घातले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापून निघाले. इतिहासाचे अभ्यासक त्यातली झाशी वाचतात. मला मात्र दर वेळी ती कावडच आठवते. एवढा मुलूख पेटलेला असताना या गृहस्थाने पाणी सांडू दिले नाही!

आता बायकांचे बोलू. बाई घराबाहेर पडली की पुरुषमंडळींना ती नवी गोष्ट वाटते. वास्तविक आपल्यातली प्रत्येक जण परगावची आहे. येथे बसलेल्यांपैकी किती जणी गंगाखेडात जन्मल्या? हात वर करायला सांगत नाही, पण आपण मनात मोजा. कुणी पालमची, कुणी सोनपेठची, कुणी जिंतूरची, कुणी पार परळीपलीकडची. मी विमानाने गेले आणि तुम्ही बैलगाडीने, नाहीतर एस. टी. ने आलात; पण नव्या घरात पहिल्या दिवशी मीठ कुठल्या डब्यात आहे हे आपणा दोघींनाही ठाऊक नव्हते.

आपल्या गावाची सर्वांत मोठी लेक तर याच वाटेने गेली. जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि तेथे दळण, कांडण, धुणे, शेणी करीत वाढली. ते कामाचे घर होते, परके होते. त्याच घरात नामदेव वाढले. जनाबाईच्या नावावर तीनशेंहून अधिक अभंग आहेत आणि त्यांत जाते आहे, उखळ आहे, केर आहे. पंढरपुराजवळ गोपाळपुरास आजही जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. नामदेवांचे नरसी पूर्वी आपल्याच परभणी जिल्ह्यात मोडे. १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा झाल्यापासून ते तिकडे गेले. ते स्वतः किती लांब गेले पाहा. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळांना प्रथमच कळले की आपला एक माणूस इतकी शतके तिकडे नांदतो आहे.

या दोघांविषयी विचार करताना मला एक गंमत वाटते. नामदेव देशाटन करून आले म्हणून त्यांचा प्रवास मोजला जातो. जनाबाई गंगाखेडाहून पंढरपुरास गेली, आणि आपले गाव सोडून परक्याच्या घरी कायमची राहिली, ती मात्र प्रवासी गणली जात नाही. मला विचाराल तर दोघांत अधिक लांब जनीच गेली.

दुसरे उदाहरण घरचेच देते. आमच्या मायचा परदेश म्हणजे वाशीम. आजच्या मुलींना हसू येईल, कारण वाशीम येथून काही तासांवर आहे. परंतु १९४८ सालापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि वाशीम वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अमलात होते; १९४७ च्या ऑगस्टनंतर ते स्वतंत्र हिंदुस्थानात गेले आणि आपण मागे राहिलो. रझाकारांच्या त्या वर्षात मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबे हद्द ओलांडून पलीकडे गेली. उमरखेड, वाशीम, बार्शी, सोलापूर, जिकडे नातलग असतील तिकडे. माय तेव्हा पंधरा वर्षांची होती. हिंगोलीच्या पुढे कनेरगावचा नाका लागे. त्याच्या अलीकडे आपले राज्य, पलीकडे दुसरे. तिच्या पदराच्या गाठीत हाली शिक्क्याचे तीन रुपये होते. वाशीमला पोचल्यावर तिने भावासाठी गूळ-फुटाणे घ्यायला एक रुपया पुढे केला, तर दुकानदार म्हणाला, "बाई, हा रुपया इथं चालत नाही." निजामाचे नाणे निराळे आणि इंग्रजांचे निराळे, हे तिला तोवर माहीत नव्हते. ती सांगायची, "तवा मला कळलं, आपुन दुसऱ्या देशात आलो."

लंडनच्या विमानतळावर उतरल्यावर माझ्या पर्समधल्या नोटांकडे पाहून एका खिडकीतल्या बाईने मान हलवली, तेव्हा मला मायचे तीन रुपये आठवले. मला निदान पैसे बदलून देणारे दुकान होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली आणि काही आठवड्यांनी ही मंडळी परत आली. एक रुपया तिने शेवटपर्यंत देवघरात ठेवला होता. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास पुस्तकांत सत्याग्रह, कॅम्प आणि पोलीस कारवाई अशा शब्दांत येतो, आणि ते योग्यच आहे. पण न चाललेल्या रुपयाची नोंद कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

आता ज्या खरोखर समुद्रापार गेल्या त्यांच्याकडे वळते. तिघींविषयी बोलते, कारण तिघींचे माग मी माझ्या डोळ्यांनी किंवा पुस्तकांतून काढले आहेत.

पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेतच गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे ते कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थातून तीर्थात, पुराण सांगत फिरले. १८७० नंतरच्या दुष्काळात आईबाप अन्नाविना गेले, मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तिकडे पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटले. म्हणजे बोटीत पाय ठेवण्यापूर्वीच ही बाई आपल्यापैकी कोणीही चालली नसेल इतकी चालली होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाटखर्चाला त्यांनी स्वतःच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे लावले. बाईने पुस्तक लिहून त्या पैशांवर तिकीट काढले, आणि तेही १८८३ साली!

त्या वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या. मी नोकरीतून सुटी काढून ते गाव पाहून आले. लहानसे बाजाराचे गाव आहे, सेलूएवढेसुद्धा नसेल. चौकात आल्फ्रेड राजाचा दगडी पुतळा आहे. तो १८७७ साली बसवला, म्हणजे रमाबाईंनी तो पाहिलेला असणारच. नऊवारीतली पंचवीस वर्षांची विधवा, कडेवर लहान मनोरमा, आणि समोर हातात परशू घेतलेला हा राजा! तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्यात किती वादळ उठले ते आपण ऐकले आहे. मी त्या वादात शिरत नाही. एवढेच सांगते की ज्या मठाने त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्या धर्माच्या मुद्द्यांवर वाद घालीत राहिल्या; मान डोलावणारी बाई ती नव्हतीच.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, तेथे अडीच वर्षांवर राहिल्या, आणि परत येताना सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे आल्या. पश्चिमेने निघाल्या आणि पूर्वेने परतल्या. पृथ्वीप्रदक्षिणाच झाली ती. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक १८८९ चे. माझ्या मते मराठीतले हे पहिल्या प्रतीचे प्रवासाचे पुस्तक आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांनी वाचले आहे. त्यात धबधबे आणि उंच इमारती यांच्यावर फारशी शाई खर्च झालेली नाही. तिकडे राज्य कसे चालते, शाळा कोण चालवतो, घरात बाई दिवसभर काय करते, बायकांच्या सभा कशा भरतात, वर्गणी कशी जमते, दारूबंदीसाठी बायका एकत्र कशा आल्या, हे सगळे त्यांनी टिपून ठेवले. आपल्या मंडळाच्या वर्गणीचे पुस्तक कसे असावे हे ठरवताना ते प्रकरण उघडायला हरकत नाही. हिशेबाची नजर असलेली बाई होती ती. तिने काय आणले? ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले.

११ मार्च ही तारीख लक्षात ठेवा. बरोबर तीन वर्षे आधी, ११ मार्च १८८६ रोजी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि तो समारंभ पाहण्यासाठीच रमाबाई इंग्लंडहून तिकडे गेल्या होत्या. आनंदीबाईंची हकीकत श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीमुळे आपणा सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. नऊ वर्षांची असताना लग्न, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले, अठराव्या वर्षी कलकत्त्याहून एकटी बोटीत बसली, एकविसाव्या वर्षी डॉक्टर, आणि बावीस पुरी होण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात देहान्त. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा तिची वाट पाहत राहिली.

मला सांगायचे आहे ते निराळेच. न्यू जर्सीत रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी एका मासिकात या मुलीविषयी वाचून ओळखदेख नसता पत्र लिहिले होते. पुढे त्यांच्या घरीच आनंदीबाई उतरल्या. त्यांना त्या मावशी म्हणत. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांची रक्षा या मावशीकडे पाठवण्यात आली आणि तिने ती आपल्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवली. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या मोटारीतून मी तेथे गेले. दगड साधा आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरला आहे. आजूबाजूला सगळी कार्पेंटर घराण्यातली माणसे. भाचीने फोटो काढले. मी जवळची कुंकवाची डबी काढली आणि मग हात थांबला. दगडाला कुंकू लावावे की नाही कळेना. शेवटी गवतावर चिमूटभर ठेवले.

परत येताना भाची म्हणाली, "मावशी, ही परत गेली होती ना पुण्याला? मग इथं कशी?" मला लगेच उत्तर सुचले नाही. जिने हट्टाने सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ती परत आली. पण तिची रक्षा पुन्हा समुद्र ओलांडून गेली. आपले माणूस कुठले, हे नेहमीच त्याच्या हातात नसते. आणि एक गोष्ट. तिच्याविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले पुष्कळसे तिच्या पत्रांतून आले आहे. काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र लिहिले ते पत्रे गोळा करूनच. काशीबाई स्वतः लग्नानंतर वाचायला शिकल्या होत्या.

तिसऱ्या पार्वतीबाई आठवले. यांचे नाव फार जणींना ठाऊक नसेल, आणि मला सर्वांत जवळच्या त्याच वाटतात. कोकणातल्या देवरुखच्या, महर्षी कर्व्यांच्या मेव्हण्या. लहान वयात विधवा झाल्या. हिंगण्याच्या आश्रमात शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. कशासाठी? इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी पैसा जमवायला. इंग्रजी येत नव्हते म्हणून शिकायला जायचे, आणि तेही जेथे दुसरे काही बोलतच नाहीत तेथे. हा सरळ कोकणी हिशेब. पोटासाठी त्यांनी तिकडे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले. आपल्याकडची प्रतिष्ठित संस्थेची बाई अमेरिकेत भांडी घासते, हे त्यांनी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लपवलेले नाही. १९२० साली त्या आश्रमासाठी पैसे घेऊन परत आल्या. पंढरपुरात जनीने केले तेच काम त्यांनी अमेरिकेत केले. दोघींनी ते लिहून ठेवले म्हणून आपल्याला ठाऊक झाले.

तर या तिघी काही आणण्यासाठी गेल्या आणि आणून परतल्या. आता माझ्यासारखीचे काय? मी काही आणायला गेले नव्हते. यजमानांना नोकरी लागली, त्यांच्या मागून गेले. राहिले. दोन मुली तिकडेच जन्मल्या, शिकल्या, संसाराला लागल्या. मी तेथल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तके लावण्याच्या कामावर लागले आणि त्याच कामावरून निवृत्त झाले. या पन्नास वर्षांत माझ्यासारख्या हजारो गेल्या आणि आता तर प्रत्येक आळीतून एक जाते. आमच्यावर एकही चांगले पुस्तक वाचायला मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० ची. ती मी तिकडे किती वेळा वाचली याला गणती नाही, हसून डोळ्यांना पाणी येई. परंतु ती परत येणाऱ्या पाहुण्याची मौज आहे. ज्याला घरी जायचे आहे त्याला लंडनचा पाऊस गमतीचा वाटतो. मीना प्रभूंचे 'माझं लंडन' हे निराळे. त्या डॉक्टर होत्या, तेथे राहून त्यांनी ते शहर आपले मानून लिहिले. तरी शहर आपले मानणे ही एक गोष्ट आणि आपल्या पोटच्या पोरीला आपल्या आईचे अक्षर वाचता येऊ नये ही दुसरी. या दुसरीवर कोणी लिहीत नाही.

भाषा टिकते कशी आणि जाते कशी, यावर मी तिकडे पुष्कळ वाचले. मॉरिशसला आपले लोक एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेले. त्यांच्या घरांत आता क्रिओल बोलतात, तरी गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवतात. कोकणातले बेने इस्राएल लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले; त्यांनी तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. लंडनला १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ आहे. आणि तेथल्या ब्रिटिश म्युझियमने १८९२ साली आपल्याजवळच्या छापील मराठी-गुजराती पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली होती. त्या जुन्या पुस्तकांपैकी काही मी तेथल्या ग्रंथालयात बसून पाहिली. मनात येई की मराठवाड्यात त्या काळी मराठी शाळा काढायची म्हणजे संकट, आणि येथे सातासमुद्रापलीकडे साहेब मराठी पोथ्यांना क्रमांक घालतो आहे! हे त्याचे प्रेम म्हणावे की मालकी, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. सणवार टिकतात, मंडळे टिकतात, यादी टिकते. घरातले बोलणे टिकवणे फार कठीण. माझ्या मुलींना मराठी समजते, मोडके बोलता येते. वाचता येत नाही. मी शिकवायला बसत असे आणि त्या रडत, मग मी थांबे. असे सर्वांकडेच झाले.

आता मायविषयी. हे मंडळ १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, निघाले. १९७८ च्या ऑक्टोबरात सरकारने प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम काढला आणि आपल्या मंडळाने रात्रीचा वर्ग सुरू केला; कंदील प्रत्येकीने घरून आणायचा. निजामाच्या काळात मायला शाळा दिसलीच नव्हती. ती पंचेचाळीस वर्षांची होती. वर्गात का आलात असे बाईंनी विचारले तेव्हा बाकीच्या जणी म्हणाल्या, हिशेब यावा म्हणून, पोथी वाचावी म्हणून. माय म्हणाली, "लेकीला कागद लिवायचाय." तोवर माझी पत्रे तिला पोस्टमन नाहीतर शेजारचा मुलगा वाचून दाखवी, आणि म्हणून मी त्यांत काही लिहीत नसे, सगळे खुशाल आहे, थंडी फार आहे, बस. १९७९ च्या संक्रांतीला तिचा पहिला निळा एरोग्राम आला. त्यावर चार ओळी होत्या. त्यानंतर मी खरी पत्रे लिहू लागले.

घरी फोन आला तो १९९६ साली. तोपर्यंत तिची एकशे त्र्याऐंशी पत्रे आली. शुद्धलेखन म्हणाल तर जसे बोलायचे तसेच लिहायचे. गोदावरीला पूर किती आला, कोणत्या पायरीपर्यंत. तुरीला भाव काय मिळाला. कुणाची मुलगी कुठे दिली. जनाबाईच्या देवळात सप्त्याला कोण बुवा आले आणि ते बरे बोलले की नाही. हे सगळे त्यात आहे. बुवांविषयीची तिची मते मी येथे सांगत नाही, त्यांपैकी काहींची नातवंडे सभेत असतील.

१९८६ साली वडील वारले. मी येऊन दिवसकार्य करून परत गेले. नंतर महिन्याने तिचे पत्र आले. त्यात पहिल्यांदा तिने विचारले, "तू रहायला येनार का नाई तेवढं लिव. मी वाट बगायची का नाई ते मला ठरवाया येईन." दोन आठवडे मी ते पत्र पर्समध्ये घालून नोकरीवर जात होते. मुली नऊ आणि सहा वर्षांच्या, घराचे कर्ज फिटायचे होते, यजमानांची प्रकृती नाजूक. गोड उत्तर देणे सोपे होते, तिकडचे आम्ही सगळे तेच देत असू, "पुढल्या वर्षी बघू." पण तिने वाट पाहावी की न पाहावी हे विचारले होते. मी लिहिले, "माय, भेटायला येत राहीन. राहायला येणार नाही."

त्यानंतरच्या दोन पत्रांत तिने याचा उल्लेखही केला नाही. पाऊस, तूर, म्हशीचे दुखणे. तिसऱ्या पत्रात, अगदी शेवटी, पत्ता लिहायच्या कडेला बारीक अक्षरात होते, "जनी बी गंगाखेडाहून गेली ती गेलीच. देऊळ तिचं हितं हाय. तू मनाला लावून घेऊ नगंस."

भगिनींनो, जनाबाईवर मी पुष्कळ विद्वानांचे लेख वाचले आहेत. देवळाचा असा अर्थ कोणी लावलेला मला सापडला नाही. ज्यांच्या मुली आता पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला आहेत त्या मातांना मी काय सांगणार? मी मुलीच्या बाजूची आहे. पण तुमच्यापैकी ज्या आई आहेत त्यांनी विचारायचे ते स्पष्ट विचारावे. आणि ज्या मुली आहेत त्यांनी स्पष्ट उत्तर द्यावे. "पुढल्या वर्षी"वर कित्येक आया संपल्या, हे मी तिकडे डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या मायने त्यानंतर अठरा वर्षे वाट न पाहता काढली. दोन वेळा मंडळाची खजिनदार झाली, बायकांच्या बचतगटाचे पहिले खातेपुस्तक तिच्या अक्षरात आहे, आणि मी येई तेव्हा ती मला पाहुणी म्हणून वागवी, पुरण घाली आणि कामाला हात लावू देत नसे. त्याचे मला वाईट वाटे. तिने ठरवून टाकले होते. २००४ साली ती गेली.

ती पत्रे मी या खेपेला बरोबर आणली आहेत. विमानात बॅगेत न टाकता हातात धरून आणली. तिकडे माझ्यामागे ती कोणी वाचणार नाही; मुली जपून ठेवतील, चांगल्या डब्यात ठेवतील, पण वाचणार नाहीत. तेव्हा ती मंडळाच्या वाचनालयाच्या कपाटात राहावीत अशी माझी इच्छा आहे आणि कार्यकारिणीने ती मान्य केली आहे. परंतु नुसती कुलपात ठेवू नयेत. त्यांची एक स्वच्छ नक्कल व्हायला हवी, कारण एरोग्रामचा कागद घडीवर फाटू लागला आहे. नक्कल करताना तिचे शुद्धलेखन सुधारू नये. 'यनार' लिहिले असेल तर 'यनार'च राहू द्यावे. ज्या माणसांविषयी खासगी मजकूर आहे तेवढा भाग मी निराळा काढून ठेवला आहे. त्या वर्गातल्या, कंदील घेऊन येणाऱ्या, अजून तिघीजणी हयात आहेत. त्यांना तिचे अक्षर लागेल, कारण त्यांचेही तसेच आहे.

आणि आपल्या घरी अशी पत्रे असतील, सौदीहून आलेली, पुण्याहून आलेली, लष्करातल्या भावाची, माहेरची, तर तीही त्याच कपाटात ठेवता येतील. रद्दीवाला येतो त्या दिवशी आधी ट्रंक आपण स्वतः पाहावी.

गुरुवारी दुपारी तीनपासून मी वाचनालयाच्या खोलीत डबा उघडून बसणार आहे. पहिली वीस पत्रे त्या दिवशी उतरवू. वह्या मी आणीन. चष्मा ज्याचा त्याने आणावा.